'कम्युनिटी'च्या पोटात काय दडलंय?

सिनॉप्सिसमध्ये 'कम्युनिटी' म्हणजे 'समाज' असं लिहून आपण पुढे जातो. पण या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'मूनुस' आहे: कर्तव्य, पदाची जबाबदारी, देणं. ते सर्वांमध्ये सामायिक असेल तर 'कोम्मूनिस'. ज्याला त्यातून सूट तो 'इम्मूनिस'. रोमन सैन्यात खंदक खणण्यासारख्या कामांतून सूट मिळालेल्या कुशल सैनिकांना हेच नाव होतं. आपली 'इम्युनिटी' इथलीच बरं का!

व्युत्पत्ती म्हणजे आजचा अर्थ नव्हे, हे मान्य. तरी जो गट अभ्यासताय त्यात कोण कोणाचं काय देणं लागतं आणि सूट कोणाला, हे विचाराच. रेमंड विल्यम्सनं १९७६ च्या 'कीवर्ड्स'मध्ये म्हटलंय की हा शब्द सहसा वाईट अर्थानं येतच नाही. भारतात मात्र त्याचंच भावंड 'कम्युनल' पुरतं बदनाम झालं. १९३२ चा 'कम्युनल अवॉर्ड' होता मुस्लिम, शीख, दलित अशा गटांच्या वेगळ्या मतदारसंघांबद्दल.