मोळीचे ओझे आणि चुलीची ऊब

घर उबदार ठेवण्याची कल्पना युरोपीय कादंबऱ्यांतून आपल्यापर्यंत येते, तेव्हा तिच्याबरोबर एक वस्तूही येते : भिंतीतील शेकोटी किंवा लाकडावर जळणारी लोखंडी शेगडी. वाचनात ही वस्तू इतकी रुळून गेली आहे की आपल्या घरात त्या जागी काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वसई-विरारच्या किनारपट्टीवर केवळ घर तापवण्यासाठी वेगळी आग पेटवण्याची गरज फारशी पडली नाही. शेजारच्या मुंबईत, सांताक्रूझच्या वेधशाळेत आजवर नोंदलेले नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, आणि ते २२ जानेवारी १९६२ या एका दिवसाचे. येथे थंडी पाहुणी म्हणून येते. घरात जी ऊब असे ती रांधण्याच्या आणि पाणी तापवण्याच्या आगीतून आपोआप मिळे. म्हणूनच या भागातील उबेचा इतिहास हा चुलीचा इतिहास आहे. आणि चुलीचा इतिहास स्वयंपाकघरात सुरू होत नाही, तो रानात सुरू होतो. आपल्या साहित्यविचाराने चूल हे कुटुंबाचे प्रतीक म्हणून पुष्कळ वाचली. तिच्यात जळणारे लाकूड कोणी, कोठून आणि कोणत्या अटीवर आणले, हे मात्र क्वचितच वाचले.

प्रतीकाचे बळ नाकारण्याचे कारण नाही. मराठीत कुटुंब मोजायचे माप चूल हेच आहे. भाऊ वेगळे होतात तेव्हा 'वेगळी चूल मांडतात'. सगळ्या घराला जेवायला बोलवायचे तर आमंत्रण 'चूलबंद' असते. बाईच्या आयुष्याची हद्द आखायची तर 'चूल आणि मूल' एवढे दोन शब्द पुरतात. ही गोष्ट केवळ मराठीचीही नव्हे. लॅटिनमध्ये 'फोकस' या शब्दाचा अर्थ चूल असा होता. केप्लरने १६०४ मध्ये तो प्रकाशशास्त्रात आणला आणि पुढे तो 'केंद्रबिंदू' झाला. घराचा केंद्रबिंदू आग, हे सर्वत्र खरे. परंतु केंद्रावर नजर खिळली की परीघ दिसेनासा होतो.

आधी घराकडे पाहू. या किनाऱ्यावर उबेची खरी गरज हिवाळ्यापेक्षा पावसाळ्यात भासे. चार महिने भिंती ओल धरत, कपडे वाळत नसत, धान्याला बुरशी येण्याची धास्ती असे. त्यामुळे मृग लागण्यापूर्वी आगोटीची जी बेगमी करायची, तिच्यात मीठ-मिरची आणि सुक्या मासळीइतकेच सरपणाला महत्त्व होते. लाकूड फोडून, उन्हात वाळवून पडवीत रचले जाई. ओले सरपण म्हणजे धूर, आणि धूर म्हणजे उशिरा शिजणारे अन्न. त्याच धुराचे उपयोगही होते. चुलीच्या वर टांगलेले बियाणे आणि सुकी मासळी तो कीड व ओलीपासून राखी. कौलांखालचे वासे, कारवीच्या कुडाच्या भिंती कोरड्या ठेवी. चुलीतील उष्णता वाया जाऊ नये म्हणून शेजारीच वैल असे. त्यावर दुसरे भांडे निवांत गरम राही. जमिनीशी बसलेली ही रचना काटकसरीची होती, आणि काटकसर तेथेच होते जेथे वस्तू सहज मिळत नाही.

जळण सर्वांना सारखे मिळत नव्हते, हे वसईच्या भूगोलावरून कळते. पश्चिमेला बागायतीचा पट्टा आहे : नारळ, केळी, पानवेली. वाडीवाल्याच्या घरी नारळाच्या झावळ्या, सोडणे, करवंट्या असत. ते जळण स्वतःच्या कुंपणात पडे. खाडीलगतच्या वस्त्यांना तिवरांचे लाकूड जवळ होते. परंतु रात्रभर धुमसणारे, निखारे धरणारे लाकूड म्हणजे ऐन, धावडा, खैर. ते पूर्वेच्या तुंगारेश्वर व कामणच्या डोंगरांत. तेथून पश्चिमेच्या चुलीपर्यंत ते वारली, काथोडी, मल्हार कोळी बायकांच्या डोक्यावरून येई. मोळी हे वसईच्या पूर्व आणि पश्चिमेला जोडणाऱ्या जुन्या व्यवहाराचे नाव आहे.

या व्यवहारातील शब्दही इतिहास सांगतात. न्हाणीतल्या तांब्याच्या 'बंबा'चे नाव अभ्यासक पोर्तुगीज 'बोम्बा' या शब्दाशी जोडतात. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगिजांकडे असलेल्या वसईत हा शब्द परका वाटू नये. मूळचा पाणी उपसणारा पंप मराठीत आग विझवणारा बंब झाला, आणि पोटात आग घेऊन पाणी तापवणाराही बंबच झाला. 'वखार' या शब्दाचा प्रवास तर अधिक बोलका आहे. सुरतेच्या इंग्रज-डच कंपन्यांच्या वखारींपासून निघालेला हा शब्द विसाव्या शतकात लाकडाच्या आणि कोळशाच्या वखारीपाशी येऊन थांबला. साम्राज्याचा व्यापार संपला, सरपणाचा उरला, असे वाटते खरे. पण सरपणाचा व्यापारही साम्राज्यानेच घडवला होता.

१८६४ मध्ये मुंबई ते सुरत लोहमार्ग सुरू झाला आणि वसई, विरारच्या पूर्वेचे रान मुंबईच्या बाजारापासून काही तासांवर आले. १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने जंगलांचे राखीव व संरक्षित असे वर्ग पाडले. कालपर्यंत जे लाकूड 'आणले' जात होते ते आता 'चोरले' जाऊ लागले. क्रिया तीच राहिली, क्रियापद बदलले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती (पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला), आणि ठाणे जिल्ह्यात या कायद्याविरुद्ध असंतोष तीव्र होता. त्याच्या मुळाशी 'राब' होता. भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर डहाळ्या, पाला, गवत, शेण पसरून ते जाळण्याची ही रीत. डहाळी तोडण्यावर बंधन आले की शेती आणि चूल दोन्ही एकदमच अडत. मुंबई सरकारने १८८५ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठी वन आयोग नेमला, आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. या प्रश्नाची धग मराठी गद्याला त्याआधीच जाणवली होती. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत. हा ग्रंथ आपण शेतीवरील ग्रंथ म्हणून शिकवतो. तो जळणाचाही ग्रंथ आहे, हे सांगायचे राहून जाते.

रान सरकारचे झाले, तोडीचे ठेके व्यापाऱ्यांचे झाले, आणि ज्यांचे रान होते ते मजूर झाले. ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत सावकार-जमीनदारांची वेठ याच काळात घट्ट झाली. डी. सिमिंग्टन यांनी १९३९ मध्ये मुंबई प्रांतातील आदिवासींवर सादर केलेल्या सरकारी अहवालात या वेठीचे वर्णन आहे. १९४५ मध्ये उंबरगाव-डहाणू भागात किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या कामाला दिवसाला सव्वा रुपया मजुरी मिळावी म्हणून संप झाला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हा या लढ्याचा साक्षीदार ग्रंथ. सव्वा रुपयाचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण जंगलात झाड पाडणाऱ्या हातांची किंमत त्यात पहिल्यांदा त्या हातांनीच सांगितली. वसई तालुक्यात हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही मिटला नव्हता. उसगावहून काम करणाऱ्या विधायक संसद (१९७९) आणि श्रमजीवी संघटना (१९८२) यांना वेठबिगारांच्या मुक्तीसाठीच उभे राहावे लागले.

ओझे वाहणारी एक बाई रानात होती, तर धूर गिळणारी दुसरी घरात. बहुतेक झोपड्यांत तर ती एकच होती. या धुराचा विचार महाराष्ट्रात लवकर झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने (स्थापना १९३४) 'मगन चूल' घडवली. धुराला वाट देणारे धुराडे हे तिचे वैशिष्ट्य. परंतु स्वयंपाकघरातील हवेचे शास्त्रशुद्ध मोजमाप व्हायला बराच काळ जावा लागला. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत केलेली मापने १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि कारखान्याच्या धुरासारखाच चुलीचा धूर हादेखील प्रदूषणाच्या अभ्यासाचा विषय ठरला. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ मध्ये थांबला. पुण्यात आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या 'आरती' या संस्थेने कमी लाकडात जास्त आच देणाऱ्या चुलींवर काम केले. हे सारे प्रयत्न एकच गोष्ट मान्य करतात : चूल बदलता येते, पण लाकूड तुटून येते तोवर प्रश्न अर्धाच सुटतो.

स्वयंपाकाचा गॅस १९५५ मध्ये मुंबईत प्रथम आला. वसई-विरारमध्ये तो पसरला तो गृहसंकुलांबरोबर. ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली, तोवर पश्चिमेच्या बहुतेक घरांतून चूल मागील दारी गेली होती आणि बंब माळ्यावर. डोंगराच्या बाजूला चित्र निराळे होते. तुंगारेश्वरचे सुमारे ८५ चौरस किलोमीटर रान २००३ मध्ये अभयारण्य झाले. तिवरांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये बंदी घातली. दोन्ही निर्णय निसर्गासाठी आवश्यकच होते. परंतु ज्यांच्या चुलीला दुसरे जळण नव्हते त्यांच्यासाठी क्रियापद पुन्हा एकदा बदलले. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात झुडपी लाकूड व खुंट यांचा समावेश केला. १८७८ नंतर प्रथमच काटकी गोळा करण्याला हक्काची भाषा मिळाली. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने सिलिंडर दारात आणला. तो भरून आणण्याचे पैसे नसतात त्या महिन्यात मोळी परत येते, हे पूर्वेच्या पाड्यांवर कोणीही सांगेल.

आता साहित्याकडे. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत (१९५२) न पेटणाऱ्या चुलीवर एक गाणे आहे. खानदेशातील त्या चुलीशी त्या भांडतात, तिची विनवणी करतात. तेथे चूल प्रतीक होण्याआधी काम आहे, डोळ्यांत जाणारा धूर आहे. नंतरच्या ललित गद्यात, विशेषतः शहरात स्थिरावलेल्या लेखकांच्या आठवणींत, चूल आधीच पेटलेली असते. निखारे फुललेले असतात, भाकरी टम्म फुगलेली असते. लाकूड आपोआप आलेले असते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर 'चुलीवरचे जेवण' अशा पाट्या दिसतात. त्या याच गद्याच्या अपत्य आहेत. खाणाऱ्याला ऊब मिळते, धूर मुदपाकखान्यात राहतो.

स्मरणरंजन खोटे असते, असा येथे दावा नाही. त्या उबेची आठवण खरी आहे. पण ती अपुरी आहे, आणि अपुरी आठवण इतिहास म्हणून शिकवली गेली की तिचा अन्याय होतो. एखादा ललित लेख वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना दोन साधे प्रश्न विचारता येतील : या चुलीतले लाकूड कोणाच्या डोक्यावरून आले? आणि ते आणताना तिला काय म्हटले गेले, मोळीवाली की चोर? उत्तर लेखात सापडले नाही, तर ते का सापडत नाही, हाही वाङ्मयेतिहासाचाच प्रश्न आहे.