शीर्षकपृष्ठावरचे दुसरे नाव

अंधेरी-बोरिवलीच्या मध्यमवर्गीय घरांतून माणसे परदेशी गेली ती शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा सहलीसाठी. अलीकडे त्यांत आणखी एका प्रवासाची भर पडली आहे. पदरमोड करून विमानाचे तिकीट काढायचे, युरोपातल्या एखाद्या सेंद्रिय शेतावर रोज चार-सहा तास तण काढायचे, खत ओढायचे आणि मोबदल्यात निवारा व जेवण घ्यायचे. या श्रमांना तिथे 'स्वयंसेवा' म्हणतात. आपल्याकडे हेच काम पोटासाठी करणाऱ्याला मजूर म्हणतात. एकाच कृतीला ही दोन नावे कशी पडली, हा प्रश्न जितका भाषेचा तितकाच इतिहासाचाही आहे.

या प्रवासाची आजची संघटित रीत १९७१ सालची. सू कॉपर्ड ही लंडनमधली एक सेक्रेटरी. शहरी माणसाला खेड्यात जाऊन राहायचे तर ओळखपाळख तरी कोणाची, ही तिची अडचण होती. 'सॉइल असोसिएशन' या संस्थेतल्या ओळखीतून तिला ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या शेताचा पत्ता मिळाला आणि चार जण शनिवार-रविवार तिथे राबून आले. उपक्रमाचे नाव सरळ होते : 'वर्किंग वीकएंड्स ऑन ऑरगॅनिक फार्म्स', म्हणजेच 'वूफ'. पुढे 'विलिंग वर्कर्स' आले. परंतु 'वर्कर' या शब्दामुळे देशोदेशींच्या मजुरीविषयक व प्रवेशविषयक कायद्यांशी घोटाळा होऊ लागला, तेव्हा आद्याक्षरे तीच ठेवून 'वर्ल्ड वाइड ऑपॉर्च्युनिटीज' असे नाव घेतले गेले. काम तेच राहिले. नावातून मात्र 'काम' गेले आणि 'संधी' आली.

आता या साखळीची मागची कडी पाहू. सॉइल असोसिएशन १९४६ साली स्थापन झाली. तिच्या मागे ज्यांचा विचार उभा होता, त्यांत सर अल्बर्ट हॉवर्ड हे एक प्रमुख नाव. श्रॉपशायरच्या शेतकरी घरात जन्मलेले हॉवर्ड १९०५ साली वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधल्या पुसा येथे आले आणि १९२४पासून होळकरांच्या इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' या संस्थेत काम करू लागले. त्यांची पत्नी गॅब्रिएल स्वतः शास्त्रज्ञ होती व १९३०मध्ये निधन होईपर्यंत या कामात बरोबरीने होती. तिथे जी खतपद्धती सिद्ध झाली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. पालापाचोळा व पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचायचे, ओल राखायची, ठरावीक अंतराने तीनदा परतायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. एमर्सनच्या शेताचा वारसा स्टायनरप्रणीत जैवगतिक शेतीचा होता. तेव्हा सगळे काही इंदूरहूनच गेले, असा दावा करण्याचे कारण नाही. पण सेंद्रिय शेतीच्या इंग्रजी परंपरेचा एक मोठा ओघ माळव्यातल्या या खड्ड्यांतून निघाला, एवढे निश्चित.

ही पद्धत १९३१ साली 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर' या पुस्तकाने जगापुढे मांडली. त्याच्या शीर्षकपृष्ठावर दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहत. हे नाव मराठी कानाला घरचे वाटते. तरीही मराठीत त्यांची आठवण क्वचितच निघते. त्याच वर्षी हॉवर्ड मायदेशी परतले. १९४०मध्ये 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट' हा त्यांचा विख्यात ग्रंथ आला तेव्हा लेखक म्हणून त्यांचे एकट्याचेच नाव होते.

यावरून हॉवर्ड यांना श्रेयचोर ठरवणे अन्यायाचे होईल. इथल्या शेतकऱ्याला आपण गुरू मानले, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. अडचण वेगळी आहे. या इतिहासात हॉवर्ड एकवचनात येतात आणि शेतकरी अनेकवचनात. वाड शीर्षकपृष्ठापर्यंत तरी पोचले. ज्यांनी ते खड्डे प्रत्यक्ष परतले, त्यांना कर्तरी प्रयोगातही जागा नाही. 'खत परतले जाते' या कर्मणी वाक्यातून ते केव्हाच गळून पडले.

हे सारे उपनगरात बसून वाचताना अधिक बोचते. बोरिवली व मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आले. त्याआधीची साष्टी भातखाचरांची, वाड्यांची आणि मिठागरांची होती. आजही आरेच्या वारली पाड्यांवर पावसाळ्यात भात व भाज्या होतात. 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेतून रेल्वेने रुळांकडेच्या जमिनी आपल्या कर्मचाऱ्यांना लागवडीला दिल्या, आणि लोकलच्या खिडकीतून दिसणारे पालक-भेंडीचे वाफे उभे राहिले. तिथे वाकलेल्या माणसाला आपण स्वयंसेवक म्हणत नाही. त्याचे नावही विचारत नाही.

परदेशी शेतावर राबून येणाऱ्यांनी जाऊ नये, असे मी म्हणणार नाही. पाहणाऱ्या डोळ्यांनी लिहिलेले प्रवासवर्णन मराठीत उदंड आहे. हातांना घट्टे पडलेल्या प्रवाशाचे लेखन त्याला नवी जाण देऊ शकेल. अट एकच. शेजारच्या सरीत पगारावर काम करणारा जो कोणी असेल, तो त्या लेखनात एकवचनात आणि नावानिशी यावा. तसे झाले तर यशवंत वाड यांचे थोडे देणे फिटेल.