केप हर्शेलची डबकी

वनस्पतिशास्त्र शिकवताना मी मुलांना ओढ्यातला दगड उचलायला लावत असे. त्यावरचा बुळबुळीत तपकिरी थर नखानं खरवडून काचपट्टीवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. दिसायचे ते डायटम. एका पेशीचं शैवाल, अंगावर सिलिकाची नक्षीदार पेटी. पेशी कुजून जाते, पेटी मात्र टिकते. ती टिकते म्हणूनच उत्तर ध्रुवाकडच्या काही डबक्यांचा हजारो वर्षांचा इतिहास आपल्याला वाचता आला.

ही डबकी कॅनडात, एल्समियर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर केप हर्शेलला आहेत. अक्षांश ७८च्याही वरचा. खोली दोन मीटरपेक्षा कमी, त्यामुळे हिवाळ्यात तळापर्यंत गोठायची. जीवांना हातपाय हलवायला काय तो उन्हाळा. १९८३पासून जॉन स्मोल आणि मारियान डग्लस हे शास्त्रज्ञ तिथल्या पाण्याच्या नोंदी ठेवू लागले. त्या मुलखात हवामानकेंद्रं आली तीच दुसऱ्या महायुद्धानंतर. त्याआधीचं विचारायचं ते गाळालाच.

तळात नळी खुपसून गाळाचा उभा स्तंभ काढायचा, त्याचे पातळ काप करायचे, आम्ल घालून सेंद्रिय भाग नाहीसा करायचा आणि उरलेल्या पेट्या जात ओळखत शेकड्यांनी मोजायच्या. वरच्या थरांचं वय शिसं-२१० सांगतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणून शे-दीडशे वर्षांपलीकडे ते कामाचं नाही. खालच्या थरांसाठी कार्बन-१४. बर्फातल्या प्रवासाचं कौतुक सगळेच करतात. मला जास्त मोल वाटतं ते भिंगाला डोळा लावून केलेल्या या मोजणीचं.

१९९४ साली डग्लस, स्मोल आणि वेस्टन ब्लेक यांनी 'सायन्स'मध्ये तीन पाणवठ्यांचा हिशेब मांडला. हजारो वर्षं डायटमच्या त्याच मोजक्या जाती, मुख्यतः बारीक फ्रॅजिलेरिया. मग एकोणिसाव्या शतकापासून, पूर्वी कधी दिसला नव्हता असा पालट. याचा संबंध ऊब वाढण्याशी लागतो: मोकळ्या पाण्याचा काळ लांबला, मॉस फोफावलं आणि मॉसवर राहणाऱ्या डायटमना जागा मिळाली.

हा वाऱ्यानं आणलेल्या प्रदूषणाचा परिणाम नसेल कशावरून? शंका रास्तच होती. २००५मध्ये ध्रुवाभोवतीच्या देशांतले ५५ गाळस्तंभ एकत्र तपासले गेले. उत्तर क्वेबेक आणि लॅब्राडॉरमध्ये तापमान फारसं चढलं नव्हतं, आणि तिथले डायटमही फारसे बदलले नव्हते. दोष प्रदूषणाचा असता, तर कारखान्यांच्या अधिक जवळची ही तळी सुटली नसती.

मला सर्वांत जास्त लागतं ते वेगळंच. १९८३मध्ये निर्जन, निर्मळ वाटणारी ती डबकी तेव्हाच शंभराहून अधिक वर्षं बदलत आलेली होती. मूळ स्थिती डोळ्यांनी पाहण्याची संधी अभ्यास सुरू होण्याआधीच गेली होती. गाळ तपासला नसता, तर बदललेलं रूपच आपण मूळ म्हणून नोंदवलं असतं आणि पुढचं सगळं मोजमाप त्यावर बेतलं असतं.

जुलै २००६मध्ये स्मोल आणि डग्लस तिथे पोचले, तेव्हा काही डबकी पार आटली होती. जिथे पूर्वी मांडीपर्यंतचे बूट घालून जावं लागे, ती दलदल आता पेट घेईल इतकी वाळली होती. पाणी जमिनीत जिरून गेलं असतं, तर क्षारही त्याच्याबरोबर गेले असते. पण उरलेल्या डबक्यांमधल्या क्षारांचं प्रमाण १९८०च्या दशकातल्या नोंदींपेक्षा वाढलेलं होतं. म्हणजे पाणी गेलं ते वाफ होऊन.