'रॉक मशीन' ते 'इंडस क्रीड' : एका संक्रमणाची नोंद

हेवी मेटल आणि हार्ड रॉकच्या श्रोतृवर्गात एक समज दृढ आहे : वाद्यमेळ सुरेल झाला की बंडखोरी संपली. मुंबईतील एका बँडचा इतिहास हा समज तपासून पाहण्यास भाग पाडतो.

१९८४ साली 'रॉक मशीन' स्थापन झाला. वसई-विरारहून चर्चगेट लोकलने गाठता येणारे धोबीतलावचे रंगभवन हे तेव्हाच्या रॉकचे हक्काचे व्यासपीठ. परदेशी गाणी हुबेहूब वाजवणे, ही गुणवत्तेची रूढ कसोटी. 'रॉक एन रोल रेनिगेड' (१९८८) या अल्बमने ती नाकारली. गाणी स्वतःची होती, धाटणी मात्र उसनी. 'द सेकंड कमिंग' (१९९०) नंतर, १९९३ मध्ये बँडने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. यंत्राच्या जागी सिंधू आली. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'ला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार लाभला. १९९५ च्या 'इंडस क्रीड' या अल्बममध्ये गिटारच्या आघातापेक्षा चाल आणि उदय बेनेगल यांचे गायन पुढे आले.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. केशवसुतांनी सॉनेट आणले, तेव्हा रूपबंध उसनाच होता. मराठी छंदात रुळल्यावर तो 'सुनीत' झाला. 'इंडस क्रीड'ची भाषा इंग्रजीच राहिली, म्हणून तेथील संक्रमण अर्ध्यावर थांबले, असे म्हणता येईल. १९९७ मध्ये बँडही थांबला. २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये त्याचा 'इव्हॉल्व्ह' आला.

तरीही सुरेलपणाला शरणागती म्हणणे अन्यायाचे ठरेल. गोंगाटात अनुकरण लपते. चाल उघडी पडली की ती कोणाची, हे सांगावेच लागते.