झुरळ

झुरळ हा संधिपाद संघाच्या कीटक वर्गातील, ब्लॅटोडिया गणात मोडणारा कीटक आहे. वाळवीचा समावेश याच गणात होतो. वाळवी वगळता झुरळांच्या सुमारे ४,६०० जाती जगभरात ज्ञात आहेत. त्यांपैकी जेमतेम तीस जातींचा मानवी वस्तीशी संबंध येतो, तर घरात कायम ठाण मांडणाऱ्या जाती बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. घरात दिसणारे झुरळ कोणत्या जातीचे आहे, यावरून ते कोठून आले आणि त्याचा बंदोबस्त कसा करावा हे ठरते.

शरीररचना

झुरळाचे शरीर चपटे असून डोके, वक्ष व उदर असे त्याचे तीन भाग पडतात. डोके ढालीसारख्या कवचाखाली झाकलेले असते. लांब शृंगिकांच्या साहाय्याने ते वास व स्पर्श ओळखते. उदराच्या टोकाशी असलेल्या दोन लहान अवयवांवरील सूक्ष्म केसांना हवेची हालचाल जाणवते. म्हणूनच चप्पल उचलताच झुरळ पसार होते. अमेरिकन झुरळाचा वेग सेकंदाला सुमारे दीड मीटरपर्यंत मोजला गेला आहे.

झुरळ नाकातोंडाने श्वास घेत नाही. शरीराच्या दोन्ही बाजूंस असलेल्या श्वासरंध्रांच्या दहा जोड्यांतून हवा आत जाते आणि श्वासनालांद्वारे थेट पेशींपर्यंत पोहोचते. त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेत नसल्याने त्यात हिमोग्लोबिन नसते व ते लाल दिसत नाही. डोके तुटल्यावरही झुरळ काही दिवस जिवंत राहू शकते, त्यामागे हे एक कारण आहे.

जीवनचक्र

झुरळाचे रूपांतरण अपूर्ण असते. त्यात अळी व कोश या अवस्था नसतात. मादी आपली अंडी एका कठीण पुटात घालते. अंड्यांतून बाहेर पडणारी पिल्ले प्रौढासारखीच दिसतात, मात्र त्यांना पंख नसतात. अनेकदा कात टाकून ती वाढतात. नुकतीच कात टाकलेले झुरळ काही तास पांढरे दिसते; ती वेगळी जात नव्हे.

घरात आढळणाऱ्या जाती

अमेरिकन झुरळ (पेरिप्लॅनेटा अमेरिकाना) : लांबी ३५ ते ४० मिमी, रंग तांबूस तपकिरी, डोक्यामागील कवचाला पिवळसर कडा. नाव अमेरिकन असले तरी ही जात मूळची आफ्रिकेतील असून जहाजांमधून जगभर पसरली. गटारे, मोऱ्या व शौचकूपाच्या टाक्या ही तिची आवडती ठिकाणे. एका पुटात साधारण १४ ते १६ अंडी असतात. पिल्लाचे प्रौढ होण्यास सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत किंवा अधिकही काळ लागतो.

जर्मन झुरळ (ब्लॅटेला जर्मॅनिका) : लांबी १० ते १५ मिमी, रंग फिकट तपकिरी, कवचावर दोन काळे उभे पट्टे. ही जात स्वयंपाकघर, उपाहारगृहे व रेल्वेगाड्यांत आढळते. मादी अंडपुट अंडी फुटण्याच्या सुमारापर्यंत स्वतःबरोबर बाळगते. एका पुटात ३० ते ४० अंडी असतात व पिल्ले दोन-तीन महिन्यांत प्रौढ होतात, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही जात सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या प्रदेशात आशियाई झुरळापासून निर्माण झाली.

तपकिरी पट्ट्यांचे झुरळ (सुपेला लाँजिपॅल्पा) : आकाराने जर्मन झुरळाएवढे. याला ओल फारशी लागत नाही. कपाटे, तसबिरींच्या मागच्या बाजू व विजेची उपकरणे येथे ते लपते.

घराबाहेरील जाती

बहुसंख्य जाती पालापाचोळा व कुजके लाकूड खाऊन मातीला पोषकद्रव्ये परत देतात. सुरिनाम झुरळ (पिक्नोसेलस सुरिनामेन्सिस) मातीत बिळे करून राहते. त्याच्या माद्या नराविना प्रजनन करतात. दक्षिण भारतात आढळणारे काळ्या रंगाचे, सात ठिपक्यांचे झुरळ (थेरिया पेटिव्हेरियाना) झुडपी रानातील पाचोळ्यात राहते.

नागपूर परिसर व ऋतुमान

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो व हवा अतिशय कोरडी होते. अमेरिकन झुरळ अन्नाविना महिनाभर तग धरते, पण पाण्याविना फार काळ जगू शकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात कुलरची टाकी, माठाखालची ओल, मोरी आणि गळका नळ ही त्याची आश्रयस्थाने ठरतात. पावसाळ्यात गटारे तुंबली की तेथील झुरळे वर येऊन घरात शिरतात. थंडीत त्यांची वाढ मंदावते.

आरोग्यावरील परिणाम

झुरळ सहसा चावत नाही. मात्र गटारातून अन्नावर फिरताना ते साल्मोनेलासारखे जीवाणू पायांवर व विष्ठेतून वाहून आणते. त्याची विष्ठा, लाळ व टाकलेली कात यांचे सूक्ष्म कण श्वासावाटे शरीरात गेल्यास ॲलर्जी होऊ शकते आणि दमा बळावतो. लहान मुलांना याचा धोका अधिक असतो. मेलेल्या झुरळांचे अवशेषही त्रासदायक असल्याने केवळ झुरळे मारणे पुरेसे नसते. जागा पुसून स्वच्छ करावी लागते.

नियंत्रण

अमेरिकन झुरळे बाहेरून येत असल्याने मोरीला घट्ट जाळी बसवणे, नळाच्या पाइपांभोवतीच्या फटी बुजवणे व चेंबरची झाकणे नीट बसवणे हे मुख्य उपाय होत. जर्मन झुरळे घरातच वाढतात. त्यांच्यासाठी रात्री ओटा कोरडा ठेवणे, खरकटे झाकणे आणि फटींत जेल स्वरूपातील आमिष लावणे परिणामकारक ठरते. आमिषाजवळ फवारा मारू नये, कारण त्यामुळे झुरळे आमिषापासून दूर राहतात. वारंवार फवारणी केल्याने जर्मन झुरळांत अनेक कीटकनाशकांविरुद्ध प्रतिकारशक्ती आली आहे. त्यांच्या काही वंशांनी तर ग्लुकोज असलेले गोड आमिष टाळण्याचा गुणही मिळवला आहे. विषारी खडू व पावडरी मुलांच्या हाती लागणार नाहीत याची दक्षता घ्यावी. पाल, बेडूक व कोळी हे झुरळांचे नैसर्गिक शत्रू आहेत. रत्नमाशी (ॲम्प्युलेक्स कॉम्प्रेसा) अमेरिकन झुरळाला डंखाने निष्क्रिय करून त्यावर अंडे घालते.

अध्ययनातील स्थान

सहज उपलब्धता व ठळक अवयव यांमुळे झुरळ हे प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत दीर्घकाळ विच्छेदनासाठी वापरले जाई. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिल्यानंतर त्याची जागा प्रतिकृती व आकृत्यांनी घेतली. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१९ च्या इयत्ता अकरावीच्या जीवशास्त्र पाठ्यपुस्तकात झुरळावर स्वतंत्र पाठ आहे.