मधुमेहाचा आकडा आणि त्याचा धनी

आपल्या शरीरांत काय चाललें आहे हें जाणण्याचा पहिला अधिकार कोणाचा, असें कोणी विचारलें तर त्याचें उत्तर इतकें उघड वाटतें कीं प्रश्नच निरर्थक ठरावा. ज्याचें शरीर त्याचा अधिकार, असें कोणीहि सांगेल. परंतु मधुमेह मोजण्याच्या साधनांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास आम्ही जसजसा पाहूं लागलों, तसतसें आम्हांस दिसून आलें कीं हें उघड उत्तर व्यवहारांत उतरावयास फार काळ लागला. आणि तें उतरलें तेंहि विद्वानांच्या सभेंत ठराव होऊन नव्हे, तर कांहीं हट्टी रोगी व कांहीं जागरणांनीं शिणलेले आईबाप यांच्या खटाटोपामुळें. ती हकीकत वाचकांपुढें मांडावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा रोग आपल्या वैद्यांस परका नाहीं. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांव घेतात हें लक्षण चरकसंहितेंत नमूद आहे, आणि ‘मधुमेह’ ह्या नांवांतच तें निरीक्षण सांठविलेलें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं स्टॅन्ली बेनेडिक्ट ह्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें तयार केलेलें निळें द्रावण दवाखान्यांत व पुढें घरांतहि आलें. परीक्षानळींत द्रावण घ्यावें, त्यांत मूत्राचे कांहीं थेंब टाकावे, नळी तापवावी आणि रंगाकडे पाहावें: निळा राहिला तर साखर नाहीं, हिरवा झाला तर थोडी, विटकरी झाला तर पुष्कळ. परंतु ही परीक्षा शिळी बातमी सांगे. रक्तांतील साखर दर १०० मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज ती मूत्रांत उतरत नाहीं. आणि उतरली तरी ती कांहीं तासांपूर्वींच्या स्थितीची साक्ष देते. साखर फार खालीं गेली आहे, हें तर ही नळी कधींच सांगत नाहीं.

ही उणीव पूर्वीं फारशी जाचत नव्हती. कारण ज्याच्या शरीरांत इन्सुलिन मुळींच निर्माण होत नाहीं, अशा मुलास वांचविण्याचा उपायच नव्हता. सन १९२१ मध्यें टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन वेगळें केलें, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं तें प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलास टोंचण्यांत आलें. मरण टळलें, पण त्याबरोबर एक कायमचें ओझें आलें. इन्सुलिन हें दुधारी शस्त्र आहे. तें कमी पडलें तर साखर वाढून डोळे, मूत्रपिंडें व मज्जातंतु वर्षानुवर्षें झिजत जातात. तें जास्त झालें तर साखर घसरून तासाभरांत शुद्ध हरपते, आणि प्रसंगीं प्राणहि जातो. आहार, श्रम, ताप, चिंता ह्या सर्वांनीं मात्रेचें गणित बदलतें. म्हणजे ज्याला हें औषध रोज घ्यावयाचें, त्याला आपल्या रक्तांतील आकडा रोज, किंबहुना दिवसांतून अनेक वेळां कळला पाहिजे. येथूनच आमच्या कथेचा खरा आरंभ होतो.

सन १९६५ च्या सुमारास अमेरिकेंतील एम्स कंपनीनें डेक्स्ट्रोस्टिक्स नांवाची कागदी पट्टी काढली. तिच्यावर रक्ताचा थेंब ठेवावा, एक मिनिट थांबावें, पट्टी धुवावी आणि तिचा रंग तक्त्याशीं ताडून पाहावा. डोळ्यांस रंगाचा अचूक भेद कळत नाहीं म्हणून त्याच कंपनींतील अँटन क्लेमन्स यानें रंग मोजून आकडा दाखविणारें यंत्र तयार केलें व तें १९७० मध्यें बाजारांत आलें. बाजारांत, परंतु कोणासाठीं? डॉक्टर व रुग्णालयें यांच्यासाठीं. रोग्यास तें विकत मिळत नसे.

रिचर्ड बर्नस्टीन हा न्यूयॉर्ककडील एक इंजिनियर. वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेही, आणि ऐन तारुण्यांतच रोगाच्या उपद्रवांनीं गांजलेला. त्यानें ह्या यंत्राची जाहिरात पाहिली. आपल्याला तें मिळणार नाहीं. पण पत्नी डॉक्टर आहे! त्यानें तिच्या नांवानें तें मागविलें आणि स्वतःची साखर दिवसांतून अनेक वेळां मोजूं लागला. कोणत्या अन्नानें ती किती चढते, किती इन्सुलिनानें किती उतरते, हें एखाद्या कारखान्याचा हिशेब मांडावा तसें त्यानें मांडलें आणि आपली प्रकृति सांवरली. हा अनुभव त्यानें लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठविला, तेव्हां तो नाकारण्यांत आला. लेखक डॉक्टर नव्हता ना! तेव्हां ह्या गृहस्थानें वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं वैद्यकीय महाविद्यालयांत नांव घातलें आणि डॉक्टर होऊन तीच गोष्ट पुन्हा सांगितली. सन २०२५ मध्यें, नव्वदी ओलांडून, तो निवर्तला. ज्या रोगानें त्याला तरुणपणींच जर्जर केलें होतें, त्याच्यासह त्यानें जवळजवळ ऐंशीं वर्षें काढलीं.

एका माणसाचा अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे, हा आक्षेप योग्यच होता. त्याचें उत्तर १९८३ पासून १९९३ पर्यंत अमेरिका व कॅनडा येथें चाललेल्या एका मोठ्या परीक्षणानें दिलें. त्यांत १,४४१ रोगी होते. वारंवार साखर मोजून इन्सुलिनची मात्रा काटेकोर ठेवणाऱ्यांमध्यें डोळ्यांच्या विकाराचा आरंभ होण्याचा धोका ७६ टक्क्यांनीं कमी आढळला. परंतु त्याच परीक्षणानें दुसरी बाजूहि दाखविली: अशा रोग्यांमध्यें साखर एकाएकीं घसरण्याचे गंभीर प्रसंग सुमारें तिपटीनें अधिक घडले. मोजणें आवश्यक खरें, पण दिवसांतून चार वेळां मोजणें पुरेसें नाहीं, असा त्याचा अर्थ. दोन मोजणींच्या मधला काळ, आणि विशेषतः रात्र, अंधारांतच राहत होती.

तो अंधार दूर करणारा सेन्सर १९९९ मध्यें आला. केसासारखी बारीक तार त्वचेखालीं राहते, तेथील द्रवांतील साखरेशीं तिच्यावरील एन्झाइमचा संयोग होऊन सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो, आणि त्यावरून आकडा काढतां येतो. पण गंमत पाहा: ह्या पहिल्या सेन्सरांत तीन दिवसांचे आकडे सांठत, ते रोग्यास दिसत नसत. दवाखान्यांत जाऊन यंत्र संगणकास जोडलें म्हणजे डॉक्टर ते वाचीत. बर्नस्टीनच्या वेळचीच कथा नव्या वेषांत परत आली होती. पुढें, २००६ पर्यंत, दर पांच मिनिटांनीं आकडा रोग्याच्या हातांतच दाखविणारे सेन्सर निघाले. दिवसाचे २८८ आकडे! तरी ते दिसत फक्त जवळच्या छोट्या डबीवर. मूल शाळेंत असलें म्हणजे डबीहि शाळेंत, आणि आईबाप घरीं किंवा कचेरींत, काळजींत.

जॉन कॉस्टिक हा न्यूयॉर्क राज्यांतील सॉफ्टवेअर लिहिणारा गृहस्थ. त्याच्या चार वर्षांच्या मुलास २०१२ मध्यें मधुमेह जडला. पुढल्या वर्षीं मुलास सेन्सर बसविला. डबींतील आकडे तारेनें घरच्या संगणकांत घेतां येत असत. मग ते इंटरनेटवरून आपल्या मोबाइलवर कां येऊं नयेत, असें बापाच्या मनांत आलें. त्यानें डबीची भाषा उलगडून एक आज्ञावली लिहिली, आणि मुलाचा आकडा कचेरींत बसल्या बसल्या त्याला दिसूं लागला. लेन डेस्बरो आदि इतर मधुमेही मुलांच्या बापांनीं व इंजिनियरांनीं त्यांत भर घातली. ह्यांतून ‘नाइटस्काउट’ उभें राहिलें. म्हणजे रात्रीचा पहारेकरी. तें कोणीहि विनामूल्य घ्यावें, तपासावें, सुधारावें असें खुलें ठेवण्यांत आलें. ‘आम्ही वाट पाहत बसणार नाहीं’ हें ह्या मंडळींचें घोषवाक्य झालें.

सिअ‍ॅटलच्या डेना लुइस हिची अडचण निराळी होती. ती एकटी राही. सेन्सरचा गजर हळू, आणि तिची झोंप गाढ. साखर घसरली आणि गजर ऐकूं आला नाहीं तर? कॉस्टिकच्या आज्ञावलीच्या आधारें तिनें व स्कॉट लीब्रँड यानें प्रथम मोठा गजर केला, नंतर पुढें काय होईल याचें भाकीत करणारी गणना जोडली, आणि अखेर डिसेंबर १९१४ नव्हे, आपल्याच काळांतील डिसेंबर २०१४ मध्यें, ती गणना थेट इन्सुलिनच्या पंपास जोडून दिली. बेन वेस्ट यानें पंपाची रेडिओ-भाषा कष्टानें उलगडली होती, म्हणून हें साधलें. दर पांच मिनिटांनीं आकडा वाचावयाचा, तो कोठें चालला आहे हें ताडावयाचें, आणि इन्सुलिनची संथ धार थोडी वाढवावयाची किंवा थांबवावयाची. मध्येंच संबंध तुटला तर ती तात्पुरती आज्ञा आपोआप संपून पंप आपल्या नेहमींच्या गतीवर येतो. ही रचनाहि त्यांनीं २०१५ मध्यें सर्वांसाठीं खुली केली.

येथें वाचक विचारतील, हा अव्यापारेषु व्यापार नव्हे काय? औषधाच्या मात्रेशीं हौशी लोकांनीं खेळावें काय? ही शंका उडवून लावण्यासारखी नाहीं. ज्या जुन्या पंपांस बाहेरून आज्ञा देतां येत होती, त्यांचें कुलूपच सैल होतें. जे रोग्यास साधलें तें दुष्टासहि साधेल, हें जे रॅडक्लिफ ह्या मधुमेही संगणकतज्ज्ञानें २०११ मध्येंच दाखविलें होतें. त्याच कारणास्तव जून २०१९ मध्यें तसल्या पंपांबद्दल अमेरिकेंत सूचना निघून ते परत मागविण्यांत आले. त्याच वर्षीं मे महिन्यांत तेथील अन्न व औषध प्रशासनानें परवानगी नसलेल्या जोडणीपासून सावध राहण्याचा इशारा दिला. चुकीच्या आकड्यांवरून एका रोग्यास इन्सुलिन अधिक गेलें होतें. पण परवान्याच्या छत्राखालीं सर्व सुरक्षित असतें, असेंहि नाहीं. त्याच २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस एका प्रतिष्ठित कंपनीची दूरवर आकडे पोंचविणारी व्यवस्था बंद पडली. घरोघरचे आईबाप मोबाइलकडे पाहत होते. आकडा येत नव्हता, आणि तो येत नाहीं हेंहि पुष्कळांस कळलें नाहीं.

मग निवाडा कसा झाला? घडलें तें असें कीं मागून येणाऱ्यांनीं पुढें गेलेल्यांची वाट हमरस्ता केली. जानेवारी २०१५ मध्यें सेन्सरचा आकडा दूरच्या आप्तांस दाखविण्याची सोय अमेरिकेंत अधिकृत झाली. सप्टेंबर २०१६ मध्यें पंप व सेन्सर यांचें अंशतः स्वयंचलित चक्र कंपनीकडूनच मंजूर होऊन आलें. खुल्या आज्ञावलीची रीतसर परीक्षा न्यूझीलंडमध्यें ९७ रोग्यांवर २४ आठवडे झाली. तिचा निकाल २०२२ मध्यें प्रसिद्ध झाला. ह्या चक्रावर असलेल्यांची साखर योग्य मर्यादेंत राहण्याचा काळ इतरांपेक्षां दिवसाकाठीं तीन तासांहून अधिक भरला. आणि जानेवारी २०२३ मध्यें, रोग्यांच्या खटपटींतून जन्मलेल्या आज्ञावलीची एक आवृत्ति टाइडपूल ह्या संस्थेनें प्रशासनाकडून मान्य करून घेतली.

ह्या सर्वांतून आम्हांस जो बोध होतो तो असा. डॉक्टर, कंपनी व सरकार यांस आकड्याशीं कर्तव्य आहे; परंतु त्याच्याशीं रात्रंदिवस संसार करावा लागतो तो रोग्यास. तेव्हां त्याच्यापासून आकडा लपविणें ही सावधगिरी नव्हे. आणि आकडा हातीं आला म्हणजे जबाबदारीहि हातीं येते; चूक झाली तर कंपनीकडे बोट दाखवितां येत नाहीं. पहिल्या खटपटी लोकांनीं आपलें काम उघडें ठेवलें, चुका सांगितल्या, संबंध तुटल्यास यंत्रानें निरुपद्रवी व्हावें अशी योजना केली. त्यांचें श्रेय धाडसापेक्षां ह्या सचोटीला अधिक आहे.

आपल्याकडे घरोघरीं मधुमेह आहे. कपाटांत डॉक्टरांची फाइल असते आणि तींतील आकडे तीन महिन्यांतून एकदां डॉक्टरांपुढें उघडतात. ते ज्यांचे आहेत त्या आजोबांस, ‘तुम्ही नका काळजी करूं’ एवढेंच सांगण्यांत येतें. सेन्सर दोन आठवडे पुरतो आणि त्यास कांहीं हजार रुपये पडतात, म्हणून तो सर्वांस परवडणारा नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु बोटाच्या थेंबानें मोजणारें साधें यंत्र आज पुष्कळ घरांत आहे. तें आजोबांच्या हातीं द्यावें, आकड्याचा अर्थ त्यांस समजावून सांगावा, आणि वहींत तो त्यांनींच लिहावा. बर्नस्टीनला ह्याच गोष्टीसाठीं पत्नीचें नांव पुढें करावें लागलें होतें. आपणांस तर नुसतें कपाट उघडावयाचें आहे.