शर्यतीचे इंजिन : दुरुस्ती की बदल?

बिघडलेले इंजिन खोलून पुन्हा बांधायचे की नवे बसवायचे, हा प्रश्न फॉर्म्युला वनमध्ये आधी पैशाचा होता. पुढे तो नियमांचा झाला.

१९६७ साली नेदरलँड्समधील पहिल्याच शर्यतीत जिंकलेले कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन पुढे लहान संघांनाही विकत मिळू लागले. ब्लॉक शाबूत असला, की पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह बदलून तेच इंजिन पुन्हा धावे. १९८३ पर्यंत त्याने १५५ शर्यती जिंकल्या.

श्रीमंत संघ मात्र सरावाला एक आणि शर्यतीला दुसरे इंजिन लावत. हा खर्च आवरण्यासाठी २००४ पासून एका शर्यतीच्या सराव ते अखेरपर्यंत एकच इंजिन बंधनकारक झाले. बदलल्यास सुरुवात दहा स्थाने मागून. २०११ मध्ये ही स्पर्धा ग्रेटर नोएडात आली, तेव्हा प्रत्येक चालकाला हंगामभरासाठी आठच इंजिने होती. म्हणून टिकाऊपणा हाही वेगाइतकाच मोलाचा ठरला.